खोक्यावरचं नंतर, आधी ॲप बघा

रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळेला आमच्या दाराची बेल वाजते आणि सोसायटीतलं कुणीतरी हातात छोटासा खोका घेऊन उभं असतं. "जरा हे जोडून द्या ना, आमच्या फोनला दिसतच नाहीये." कधी कानातले बड्स, कधी घड्याळ, कधी बीपीचं मशीन, कधी मुलीने अमेरिकेहून पाठवलेला, किल्ली किंवा बॅग शोधून देणारा टॅग. मी या धंद्यातला नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकांचं घड्याळ जोडून दिलं, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं ते आलंच. ज्यांनी अशी वस्तू अजून घेतलेली नाही, किंवा घेऊन खोक्यातच ठेवली आहे, त्यांच्यासाठी त्या रविवारांचं हे सार.

वस्तू कितीही वेगवेगळ्या असल्या तरी रडगाणं बहुतेक वेळा एकच निघतं. वस्तू ठणठणीत असते, अडलेलं असतं ॲपपाशी. दुकानात आपण घड्याळाचे दोन हजार मोजतो, पण त्या घड्याळाचा निम्मा जीव फोनमधल्या ॲपमध्ये असतो. आणि ते ॲप दुकानदार दाखवत नाही, खोक्यावर त्याचं चित्र नसतं, आपणही विचारत नाही.

हा बाजार एवढा फुगला कसा?

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड्स दाखवले. तेव्हा त्यांची भरपूर टिंगल झाली. पण पाया त्याच्याही आधी घातला गेला होता. २०१० साली आलेल्या ब्लूटूथ ४.० मध्ये 'लो एनर्जी' नावाचा प्रकार आला. त्यात वस्तू बराच वेळ झोपून राहते, मधूनच जागी होते, चार आकडे फोनला सांगते आणि पुन्हा झोपते. म्हणून नाण्याएवढ्या सेलवर किल्लीचा टॅग वर्षभर चालू शकतो आणि स्वस्तातलं घड्याळसुद्धा आठवडाभर चार्जिंग मागत नाही.

आपल्याकडे नॉइज, बोट, फायर-बोल्ट या देशी ब्रँडनी भाव एवढे खाली आणले की पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात, तर बड्सचे ढीग भाजीसारखे लावलेले दिसतात. बाजाराची मोजणी करणाऱ्या आयडीसी या संस्थेनुसार घड्याळं, बड्स, मनगटी पट्टे अशा अंगावर घालायच्या वस्तू भारतात २०२२ मध्ये १० कोटी आल्या आणि २०२३ मध्ये १३ कोटी ४२ लाख. मग २०२४ मध्ये आकडा ११ कोटी ९० लाखांवर उतरला. घड्याळं तर त्या एका वर्षात ३४ टक्क्यांनी घटून साडेतीन कोटींवर आली.

गिऱ्हाईक म्हणून या घसरणीकडे नीट बघा. दर महिन्याला नवं मॉडेल काढायचं, सणासुदीला भाव पाडायचा आणि जुन्या मॉडेलचं ॲप वाऱ्यावर सोडायचं, हा प्रकार अशा काळात वाढतो, असं माझं मत आहे. वस्तू स्वस्त झाली हे खरं, पण ती किती दिवस चालेल हे आता कंपनीच्या चिकाटीवर अवलंबून आहे. चढत्या बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

पायरी १ : काम एका वाक्यात सांगा

"स्मार्टवॉच घ्यायचंय" हे काम झालं नाही. "बाबांना फोनची रिंग ऐकू येत नाही, मनगटावर थरथर हवी" हे काम झालं. "लोकलमध्ये गाणी ऐकायची आहेत" वेगळं, "दिवसभर कंपनीच्या मीटिंगा आहेत" वेगळं. पहिल्याला कानात घट्ट बसणारे बड्स हवेत, दुसऱ्याला चांगला माइक आणि लॅपटॉप व फोन दोन्हीला एकदम जोडलेलं राहण्याची सोय. तिला 'मल्टिपॉइंट' म्हणतात. हा शब्द खोक्यावर नसेल तर ती सोय नाही असं धरून चाला.

एवढं ठरलं की निम्मी दुकानं आपोआप गळतात.

पायरी २ : पैसे देण्याआधी ॲप उतरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो.

दुकानात उभं राहून किंवा ऑनलाइन खरेदी करताना आधी विचारा, "याचं ॲप कुठलं?" उत्तर "ब्लूटूथवरून डायरेक्ट चालतं" असं आलं तर बड्सपुरतं ठीक आहे, घड्याळासाठी नाही. ॲपचं नाव कळलं की ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवर शोधा आणि तिथेच पुढच्या गोष्टी तपासा.

शेवटचं अपडेट कधी आलं? दोन-तीन महिन्यांतलं असेल तर कुणीतरी त्यावर काम करतंय. दीड वर्षापूर्वीचं असेल तर वस्तू कितीही चकचकीत असो, ठेवून द्या. अँड्रॉइड दरवर्षी बदलतं. ॲप त्याबरोबर बदललं नाही तर एक दिवस तुमचा फोन अपडेट होईल आणि घड्याळ मुकं होईल.

मग अभिप्राय. एकूण तारे बघू नका, "सर्वात नवीन" अशी क्रमवारी लावून वरचे वीस वाचा. पाच तारे देऊन नुसतं "नाइस" लिहिणारे सोडून द्या. "अपडेट झाल्यापासून सारखं डिसकनेक्ट होतंय" हे वाक्य वीसात पाच वेळा दिसलं तर समजून जा.

तिसरं म्हणजे ॲप बनवणाऱ्याचं नाव. खोक्यावर एक ब्रँड आणि ॲप भलत्याच कुणाचं, असं बऱ्याचदा निघतं. एकच कारखाना दहा ब्रँडांना तेच घड्याळ पुरवतो आणि सगळ्यांना मिळून एकच ॲप देतो. यात फसवणूक असतेच असं नाही, पण तक्रार घेऊन गेलात की ब्रँड ॲपवाल्याकडे बोट दाखवतो आणि ॲपवाल्याला तुम्ही कोण ते माहीत नसतं.

आणि चौथं, घड्याळातली पावलं, झोप, नाडी ही माहिती अँड्रॉइडच्या 'हेल्थ कनेक्ट'मध्ये किंवा आयफोनच्या 'हेल्थ'मध्ये जाते का? जात असेल तर उद्या ब्रँड बदलला तरी तुमची दोन वर्षांची नोंद तुमच्याकडेच राहते. नाहीतर ती त्या ॲपच्या पोटात आणि ॲपबरोबरच जाणार.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेलं एक घड्याळ होतं, नाव नको. अगदी छान चालायचं. फोन बदलला, नव्या फोनवर ॲप शोधलं तर स्टोअरमध्ये ते नव्हतंच. कंपनीच्या मदत क्रमांकावर "कृपया प्रतीक्षा करा" ऐकत दोन दुपारी घालवल्या. ते घड्याळ अजून ड्रॉवरमध्ये आहे, चार्ज केलं की सुरूही होतं, पण त्यातली वेळ चुकीची आहे आणि ती दुरुस्त करायला ॲप लागतं!

मोठ्या नावांचंही असं झालेलं आहे. पेबल घड्याळाने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली होती. २०१६ च्या शेवटी फिटबिट या मनगटी पट्टे बनवणाऱ्या कंपनीने पेबलचं सॉफ्टवेअर आणि काही माणसं घेतली आणि जून २०१८ मध्ये पेबलचे सर्व्हर बंद झाले. त्या घड्याळांना पुढे तगवलं ते हौशी चाहत्यांनी. अमेरिकेत इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि घराघरातले स्मार्ट दिवे ॲपला ऐकेनासे झाले.

पायरी ३ : खोक्यावरचे शब्द

आता खोका हातात घ्या. त्यावरचे सगळेच शब्द खोटे नसतात, पण ज्याला जो अर्थ आपण देतो तो बऱ्याचदा नसतो.

एएनसी आणि ईएनसी हे गोंगाट दाबण्याचे दोन प्रकार, यांत सगळ्यात जास्त लोक फसतात. एएनसी तुमच्या कानासाठी, रिक्षाची घरघर तुम्हाला कमी ऐकू यावी म्हणून. ईएनसी समोरच्यासाठी, तुमच्या माइकमधून त्याला कमी घरघर जावी म्हणून. खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी पाहून "नॉइज कॅन्सलेशन आहे" म्हणून घेऊन येतात आणि बसमध्ये काहीच फरक पडत नाही म्हणून माझ्याकडे येतात. परत करता येत नाही, कारण खोक्यावर खोटं काहीच लिहिलेलं नसतं.

"४० तास प्लेटाइम" म्हणजे चार्जिंगच्या डबीसकट. कानातले बड्स एका दमात बहुधा पाच-सहा तास चालतात, उरलेलं डबीतून परत परत भरून. तेही मध्यम आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून.

आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि पावसाचे शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. त्या चाचणीत समुद्राचं खारं पाणी, साबण, गरम शॉवर यांतलं काही नसतं. घड्याळ घालून गणपतीपुळ्याच्या समुद्रात उतरू नका, एवढं सांगणं माझं काम. आणि हा शिक्का बड्सला असतो, डबीला असेलच असं नाही.

मग तब्येतीचे दावे. इथे मी चेष्टा करत नाही. "सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ" अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचा न भेदता रक्तातली साखर स्वतः मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. चुकीचा आकडा बघून कुणी इन्शुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं. घरात मधुमेह असेल तर ॲपला जोडणारा ग्लुकोमीटर घ्या. त्याला रक्ताचा थेंब लागतोच, पण नोंदी आपोआप तारखेनिशी साठतात आणि डॉक्टरांना दाखवता येतात. बीपीसाठीही दंडाला पट्टा बांधायचं मशीन, ब्लूटूथवालं. स्वस्त घड्याळातला बीपीचा आकडा करमणूक म्हणून बघा. आणि एक चटकन सांगतो: चरबीचं प्रमाण दाखवणारा वजनकाटा पायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडतो, घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी त्यावर उभं राहू नये.

शेवटी खोक्याच्या तळाशी बघा. वायरलेस इयरफोन, स्मार्टवॉच, पॉवर बँक यांना भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. आर अक्षर आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप उतरवा आणि तो क्रमांक त्यात टाका. वस्तूचं आणि ब्रँडचं नाव जुळलं तर ठीक. क्रमांकच नसेल, किंवा दुकानदार हळूच "फर्स्ट कॉपी आहे, चालतंय सगळं" म्हणाला, तर त्या बॅटरीशेजारी आपलं पोर रात्री झोपणार आहे, एवढं डोक्यात ठेवून काय ते ठरवा. पक्कं बिल मागा. बिलाशिवाय वॉरंटी नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काही राहत नाही.

पायरी ४ : जोडणी, आणि इथे सगळे अडखळतात

आधी वस्तू पूर्ण चार्ज करा. कारखान्यातून ती अर्धवट बॅटरीवर येते आणि जोडणीच्या मधेच मान टाकते.

आता एक साधा नियम. बड्स, हेडफोन, स्पीकर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायचे, ॲप नंतर. घड्याळ, पट्टा, वजनकाटा, बीपी मशीन यांचं उलटं: आधी ॲप उतरवायचं आणि जोडणी ॲपच्या आतूनच करायची. घड्याळ थेट फोनच्या सेटिंगमधून जोडलं की पुष्कळदा ते तिथे अडकून बसतं, मग ॲपला सापडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार तक्रारी एवढ्याच असतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या नावावर 'विसरा' दाबायचं, ॲप उघडायचं आणि तिथून शोधायचं. दोन मिनिटांचं काम, पण काकू निदान पोहे तरी देतात.

मनगटावरून बोलता येणारं घड्याळ असेल तर गंमत आणखी आहे. अशी पुष्कळ घड्याळं फोनला दोनदा जोडावी लागतात. एक धागा लो एनर्जीचा, ॲपसाठी, पावलं आणि मेसेज यांचा. दुसरा साध्या ब्लूटूथचा, आवाजासाठी. सेटिंगमध्ये जवळजवळ सारखी दोन नावं दिसतात म्हणून लोक त्यातलं एक काढून टाकतात आणि मग "मेसेज येतात पण कॉल येत नाही" म्हणतात. दोन्ही राहू द्या. मात्र हा दुसरा धागा ॲपने स्वतः मागितला की मगच जोडा.

बड्स दिसतच नसतील तर आधी आठवा, ते आधी कुणाच्या फोनला जोडले होते का? घरात मुलाने गंमत म्हणून एकदा जोडले असतील तर डबी उघडल्याबरोबर ते त्याच्याच फोनकडे धावतात, तो शेजारच्या खोलीत का असेना. त्याचं ब्लूटूथ बंद करायला सांगा आणि मग आपल्या फोनवर शोधा.

फोनवरून चालू-बंद होणारे स्मार्ट प्लग आणि बल्ब सहसा वायफायवर चालतात, आणि ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर. घरातला नवा राउटर २.४ आणि ५ अशी दोन्ही जाळी एकाच नावाने दाखवत असेल आणि फोन ५ वर बसला असेल, तर काही प्लगना जोडणी जमतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, फोन तात्पुरता २.४ वर घ्या, प्लग जोडा. राउटरची सेटिंग उघडता येत नसेल तर केबलवाल्याला फोन करून हेच वाक्य सांगा, त्याला कळतं. अलीकडे खोक्यावर 'मॅटर' हा शब्दही दिसतो. ॲपल, गूगल, ॲमेझॉन वगैरेंनी मिळून २०२२ मध्ये आणलेलं ते समाईक मानक. तो शिक्का असेल तर वस्तू एकाच कंपनीच्या ॲपला बांधलेली राहत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी मी तोच घेईन.

पायरी ५ : ॲप काय काय मागतं

पहिल्यांदा उघडलं की ॲप एकामागून एक परवानग्या मागतं आणि आपण लग्नाच्या पंगतीत वाढप्याला मान हलवावी तसं सगळ्याला हो म्हणतो.

"घड्याळाला माझं लोकेशन कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी लबाडी हेच नसतं. आजूबाजूला कुठली ब्लूटूथ उपकरणं आहेत यावरून माणूस कुठे आहे हे ओळखता येतं. म्हणून अँड्रॉइड ६ ते ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागायचीच. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी आली. तुमचा फोन त्यानंतरचा असेल तर लोकेशन फक्त चालण्याचा नकाशा आणि हवामान यांसाठी लागतं, "ॲप वापरताना" एवढंच द्या.

संपर्क आणि कॉल यांची परवानगी मनगटावर नाव दिसावं म्हणून, ती देऊ शकता. एसएमएसची सरळ नाकारा. फोटो, फाइल वगैरे लागतील तेव्हा बघू.

नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी मात्र सगळ्यांत जड. ती दिली की फोनवर येणारी प्रत्येक सूचना ॲप वाचू शकतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. तिच्याशिवाय घड्याळावर मेसेज येत नाहीत, म्हणजे द्यायची तर लागतेच. म्हणूनच पायरी २ मध्ये ॲप कुणाचं आहे ते आधी बघायला सांगितलं. अनोळखी ॲपला ही किल्ली देऊ नका.

आपल्या पावलांचा हिशोब कुणाला काय उपयोगाचा, असं वाटत असेल तर स्ट्राव्हाची गोष्ट आहेच. या व्यायामाच्या ॲपने जगभरातले लोक कुठे धावतात याचा चमकता नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात ज्या रेघा चमकतायत त्या लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या आहेत.

पायरी ६ : पहिला आठवडा

जोडून झालं म्हणजे झालं नाही. तिसऱ्या दिवशी "मेसेज यायचे बंद झाले" हा फोन ठरलेला. आपल्याकडचे बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन 'निर्बंध नाहीत' करा, 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करा. आणि अलीकडची ॲप बोटाने वर सारून साफ करायची सवय असेल तर त्याच यादीत या एका ॲपला कुलूप लावून ठेवा, म्हणजे ते साफ होणार नाही.

सूचना मोजक्या ठेवा. फोन आणि व्हॉट्सॲप पुरे. सोसायटीचा ग्रुप मनगटावर थरथरू लागला की माणूस दोन दिवसांत घड्याळ काढून ठेवतो.

फर्मवेअरचं, म्हणजे वस्तूच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं तर घ्या, पण बॅटरी भरलेली असताना, फोन शेजारी ठेवून आणि मधे हात न लावता. अर्ध्यावर तुटलेलं अपडेट ही वस्तू खरोखर निकामी करणारी एक गोष्ट मी पाहिली आहे.

बड्सच्या डबीतल्या पितळी टिकल्या आठवड्याला कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. "एकच कान वाजतो" याचं कारण बहुतेक वेळा घाम आणि कानातला मळ असतं. एक बड चार्जच झालेला नसतो. पुसूनही जमलं नाही तर फोनमधून 'विसरा', मग पुस्तिकेत दिलेलं रीसेट, मग नव्याने जोडणी. आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून पुढच्या खिशात घ्या. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे खिसा बदलला तरी फरक पडतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना गाणं अडखळलं तर घाबरू नका, दोघांच्या लहरींचा पट्टा एकच आहे.

टॅग आणि प्लग, दोन गैरसमज

किल्लीला लावायचा छोटा टॅग आणताना लोकांना वाटतं त्यात जीपीएस आहे. नाही. तो नुसता ब्लूटूथवर हाका मारत असतो. शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या फोनने ती हाक ऐकली की तो फोन स्वतःची जागा गुपचूप कळवतो आणि तुम्हाला नकाशावर ठिपका दिसतो. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, तो फक्त आयफोनवाल्यांसाठी. अँड्रॉइडच्या टॅगसाठी गूगलचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे दादर स्टेशनवर हरवलेली बॅग सापडण्याची शक्यता चांगली, आणि माळरानावर चरायला गेलेल्या गाईच्या गळ्यात टॅग बांधला तर तिचा पत्ता लागणार नाही, तिथे फोन घेऊन जातंय कोण? घेताना एवढंच विचारा, "हा कुणाच्या जाळ्यावर चालतो, ॲपलच्या की गूगलच्या?"

प्लगचा प्रश्न अँपिअरचा. स्वस्त स्मार्ट प्लग १० अँपिअरचे असतात. दोन किलोवॅटचा साठवणीचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा १३. गीझरला १६ अँपिअरचाच प्लग हवा, दहावाला वितळू शकतो. आणि आपल्याकडे दिवे जातात, त्यामुळे ॲपमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' नावाची सेटिंग शोधून 'बंद' किंवा 'आधी होतं तसं' करा. नाहीतर रात्री तीनला दिवे परत आले की स्मार्ट बल्ब लख्ख पेटतो आणि सगळं घर जागं होतं. बल्ब वापरायचा तर भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी समजावून सांगा. ते खोलीतून निघताना सवयीने बटण बंद करतात आणि ॲप म्हणतं 'ऑफलाइन'. माझ्या आईपुढे मी यात हरलो, आमच्याकडे आता साधा बल्ब आहे.

शहरी लोकांना हे सगळं नवं वाटतं याची शेतकऱ्यांना गंमत वाटत असेल. ओसियन ॲग्रो ऑटोमेशन या पुण्याच्या कंपनीने 'नॅनो गणेश' आणून विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायची सोय केली, तेव्हा आपल्याला ॲप हा शब्द नीट माहीत नव्हता. त्याला ब्लूटूथ लागत नाही, सिम लागतं. रात्री दोनला येणाऱ्या थ्री-फेज विजेसाठी शेतावर जायचं वाचलं, याहून स्मार्ट काय असतं ते मला ठाऊक नाही.

पायरी ७ : देऊन टाकताना

नवं घड्याळ घेतलं की जुनं भाच्याला. देण्याआधी ॲपमध्ये जाऊन ते उपकरण तुमच्या खात्यातून काढा, मग घड्याळातच फॅक्टरी रीसेट करा. हाच क्रम ठेवा. काही घड्याळं खात्याला बांधलेली असतात. नुसतं रीसेट करून दिलं तर भाच्याला जोडता येत नाही आणि तो दर सुट्टीत तुमचा पासवर्ड विचारतो. ॲप कायमचं सोडत असाल तर नुसतं अनइन्स्टॉल करून माहिती पुसली जात नाही. खातं उघडू देणाऱ्या ॲपला ते मिटवायची सोय द्यावी लागते, हा प्ले स्टोअरचा नियम आहे. ॲपच्या प्रोफाइलमध्ये तळाशी 'खाते हटवा' सापडेल. त्याआधी आपल्या नोंदी उतरवून घ्या.

मेलेले बड्स आणि फुगलेली डबी कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आतली लिथियमची बॅटरी चिरडली की पेट घेते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुन्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जमा करण्याची केंद्रं दिलेली असतात. तोवर डबी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, बिछान्याजवळ ठेवायची नाही, झाकण नसलेल्या पत्र्याच्या डब्यात गॅलरीच्या सावलीत ठेवायची.